ऊस वाढला आणि नेट झोपलं

"नेट स्लो चाललंय" हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझ्या आईनं मला नावानं हाक मारली नसेल. त्यात आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं तक्रार करताना कुणी हातचं राखून बोलत नाही. "काय ओ, नेट हाय का बैलगाडी?" इथनं सुरुवात. एका गृहस्थांनी तर सकाळी सातला फोन करून सुनावलं होतं, "एक तर बंद तरी करा, न्हाईतर चालू तरी करा. ह्यो मधलाच ताप नको आमाला!" मी म्हणालो, साहेब, येतो. ते म्हणाले, "या, च्या टाकतो." शिवी आणि चहा एकाच श्वासात. असं गाव दुसरीकडं कुठं असेल तर मला दाखवा.

आता मी घरी बसलोय. गच्च्या चढायला गुडघ्यांनी साफ नकार दिला. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर बायको हसायलाच लागली. "तुमी लिवणार? आजपातूर रिमार्कच्या रकान्यात चार शब्द लिवलायसा, त्येवढंच!" तिचं खरं आहे. पण त्यातले चार शब्द अजून माझ्या छातीत रुतून बसलेत, म्हणूनच लिहायला घेतलं.

शाहूपुरीत एका जिन्याखाली आमचं ऑफिस होतं. आधी केबल टीव्ही, मग टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, मग गच्चीवरच्या डिश, मग काचेची तार. धंदा बदलत गेला, माणूस मीच राहिलो. पहिला मोडेम जोडला तेव्हाचं आठवतं. तो किर्र करून ओरडायचा, मधेच टुंग टुंग करायचा आणि सगळं घर श्वास रोखून उभं असायचं. आजोबा म्हणायचे, "लागलं का? लागलं का?" लागलं की टाळ्या. एक फोटो उघडायला पाच मिनिटं लागायची आणि ती पाच मिनिटं कुणी तक्रार करत नव्हतं! वरनं कपाळ दिसायला लागलं की नुसतं कपाळ बघूनच ओळखायचे, "आगं, ही तर आपली संगी!" स्लो नेटचं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे तारा जोडणं वाटतं. तार जोडायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती दुखणं कुठं आहे ते शोधायला. नेट घरात तीन टप्प्यांनी येतं. आमच्या टॉवरपासनं तुमच्या घरापर्यंत, तिथनं त्या लुकलुकणाऱ्या डबीत, ज्याला राउटर म्हणतात, आणि राउटरमधनं हवेतनं तुमच्या मोबाइलमध्ये. लोक मोबाइल हातात घेऊन टॉवरला शिव्या घालतात आणि बहुतेक वेळा घोटाळा घरातच असतो. म्हणून मी आधी बूट काढायचो, मग घर बघायचो.

मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी राउटर लोखंडी कपाटात ठेवला होता. कुलूप लावून. मागच्या बाजूला भोक पाडून वायर आत घेतलेली. मी म्हणालो, "काकू, लोखंडातनं सिग्नल बाहेर येत नाही." काकू म्हणाल्या, "आवाज तर येतोय की रेडिओचा." कपाटात रेडिओ पण होता! बाहेर काढून टेबलावर ठेवला, नेट पळायला लागलं, काकू खूश. आठ दिवसांनी पुन्हा तक्रार. गेलो तर पुन्हा कपाटात. "आवो, पावणंरावळं येत्यात, उचललं म्हंजे?" शेवटी फ्रीजवर तडजोड झाली. वर काकूंनी विणलेला रुमाल. रुमालातनं सिग्नल येतो, म्हणून मी गप्प बसलो.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या हॉलमध्ये मधोमध हा एवढा मोठा माशांचा टँक. पलीकडच्या खोलीत नेट मरायचं. पाणी वायफाय पिऊन टाकतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटेना. कागद आणून म्हणाले, आकृती काढून समजाव. मी काढली. त्यांनी तासभर ऐकलं, टँक हलवायला तयार झाले आणि जाताना तो कागद मला परत दिला. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या होत्या. दहापैकी सहा.

आणि दसरा. दसऱ्याला आमच्या ऑफिसचा फोन खाली ठेवता यायचा नाही. आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. विळा, गाडी, मिक्सर, शिलाई मशीन, तसा राउटर. हळदकुंकू लावायचं, फुलानं पाणी शिंपडायचं, झेंडूचा हार घालायचा. त्या डबीला मागं भोकं असतात, त्यात कुंकू जाऊन बसायचं. मी जुना टूथब्रश घेऊन घरोघर हिंडायचो. रागवायचो मात्र कधी नाही. माझ्या स्वतःच्या पक्कडीला, टेस्टरला आई कुंकू लावायची, मी कुठल्या तोंडानं रागवणार?

हे सगळं सांगतोय ते मिरवायलाच. मला माझ्या कामाचा गर्व होता. फोनवर माणूस कसा बोलतो त्यावरनं मला कळायचं की दुखणं तारेत आहे, डबीत आहे का डोक्यात आहे. त्या गर्वानंच मला एकदा तोंडावर पाडलं.

शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या अलीकडं एका गावात आमचं डिशचं नेट होतं. तिथं तार टाकायची म्हणजे पुराच्या पाण्यात जायची, म्हणून पाण्याच्या उंच टाकीवर आम्ही टॉवर बसवला होता. घराच्या गच्चीवर ताटाएवढी डिश लावायची, टाकीकडं तोंड करायचं, झालं. एकच अट. डिशला टाकी दिसली पाहिजे. आपण जसं समोरच्याला बघून बोलतो तसं. मधे काही आलं की बोलणं तुटलं.

गावाच्या कडेला एका घरात मी स्वतः जाऊन डिश लावली होती. चैत्राचे दिवस. घरात कुणी नव्हतं. शेजारच्या अक्कांनी कुलूप काढून दिलं. अक्का म्हणजे तिथल्या एका जैन शेतकऱ्याची बायको, पन्नाशीची, आवाज असा की शिवाराच्या त्या टोकाला बैल थांबावेत. समोर त्यांचंच रान. ऊस तुटून गेलेला, खोडव्याला गुडघाभर फुटवा आलेला. गच्चीवर उभा राहिलो तर टाकी समोर ढळढळीत. हात-दीड हाताची छोटी पाइप ठोकली, त्यावर डिश बसवली. "एवढ्यानं भागतंय व्हय?" अक्कांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "अक्का, टाकी दिसतीय न्हवं? मग झालं की!"

शहरातला माणूस. समोर मोकळं रान बघितलं आणि रान मोकळंच राहणार असं धरून चाललो.

भाद्रपदात त्या घराची तक्रार मेसेजवर आली. व्हिडिओ कॉल तुटतोय. आमच्याकडं पद्धत अशी होती की आधी ऑफिसातनंच त्या घराचा स्पीड बघायचा. बघितला. वीस येतोय. वीसमध्ये सिनेमा चालतो. मग कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या नंबरावर तीन वेळा फोन करायचा आणि बोलून तक्रार बंद करायची. नाव होतं सुशीलाबाई. मी फोन लावला. उचलला. मी म्हणालो, हॅलो. पलीकडं काही नाही. भांडं आपटल्याचा आवाज, म्हशीचं हंबरणं, पण माणूस बोलेना. "हॅलो! हॅलो! अहो बोला की!" ठेवून दिला. पुन्हा लावला. पुन्हा उचलला, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा तर मी ओरडलो, "बोलायचं नसलं तर तक्रार कशाला करताय?" आणि रिमार्कच्या रकान्यात लिहिलं, "ग्राहक प्रतिसाद देत नाही." तक्रार बंद.

आठ दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा फोनसुद्धा एकदाच लावला. रिमार्क मात्र तोच. एव्हाना बोटांना पाठ झाला होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, आमच्या जिन्याखाली आवाज घुमला. "हितं हॅलो हॅलो करून वरडणारा त्यो कोण हाय?"

अक्का. वाडीहून पहिली एस.टी. पकडून आल्या होत्या. मी उठून म्हणालो, "मी, अक्का. काय झालं?"

"तुमी व्हय? आवो, सुशीला जल्मापास्नं भैरी हाय, मुकी हाय! तिला तुमी फोन लावून वरडतायसा? परवा तुमचं वरडनं मला दारातनं आयकू आलं, पळत येस्तोवर ठिवलासा! फोन थरथरला की ती बिचारी उचलती, कानाला न्हाई, तोंडासमोर धरती. वाटतंय तिला, कोणतरी दिसंल. आन तुमी तक्रार बंद करतायसा! एकदा न्हाई, तीनदा!"

अक्कांना पाणी दिलं, ते पिऊन त्यांनी खाली बसून सगळं सांगितलं.

सुशीलाबाई विधवा. त्यांना एकच मुलगी, रूपाली. तीही जन्मापासनं कर्णबधिर. मायलेकी हाताच्या भाषेत बोलायच्या. रूपालीचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली, नवराही तसाच, कारखान्यात दिवसपाळीला. त्या दोघींनी रोज दुपारी एक ते दोन बोलावं म्हणून तर जावयानं ते नेट घेतलं होतं. आता रूपालीला सातवा महिना. त्याआधीचं एक पोर पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरनं हलायचं नाही असं बजावलेलं. दिवसभर ती एकटी. आसपास तिची भाषा येणारं कुणी नाही. आणि इकडं गोठ्यात घसरून सुशीलाबाईंचा पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. जाणार कशा?

"मग मेसेज लिहीत नाहीत का?" मी विचारलं.

"लिवत्यात की. पर लिवून माणूस दिसतंय व्हय? तीन आठवडं झालं, पोरगीला आईचं निस्तं थोबाड दिसतंय, त्येबी थिजल्यालं. हात दिसंनात. ती काय म्हनती सांगू? म्हनती, आईला कायतर मोठं झालंय आन तुमी माझ्यापास्नं लपिवताय. आईच्या नावानं तुमीच मेसेज टायपत असशीला! आमी लिवलं, आईला बरं हाय, तू येऊ नगं. तिचा इस्वास न्हाई. आज रातच्या नऊच्या गाडीनं निघाय लागलीया. एवढा परवास, तसल्या रस्त्यानं. पोटातल्याचं काय हुईल ओ?" एवढं बोलून अक्का पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "तिला आईचं हात दाखवा. बाकी काय नगं."

मी ऑफिसच्या मालकांना विचारलं नाही, सांगितलं. गाडी काढली. अक्का शेजारी.

सुशीलाबाई पलंगावर बसून होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, डोळे फार बोलके. मी हात जोडले. इतकी वर्षं शेजारी राहून अक्कांना त्यांची भाषा यायला लागली होती, त्यांनी खुणेनं सांगितलं मी कोण ते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हातानं बसा म्हणाल्या. राग नाही, काही नाही. त्यांनी राग केला असता तर बरं वाटलं असतं.

मी स्पीड बघितला. वीस. तोच वीस, ज्याच्या जिवावर मी तीन वेळा तक्रार बंद केली होती. मग म्हणालो, कॉल लावा. लागला. रूपाली दिसली, अगदी स्वच्छ. उशीला टेकून बसलेली, केस विसकटलेले, मागं पलंगावर भरलेली बॅग. तिचे हात भराभर हलत होते. सुशीलाबाई उत्तर देत होत्या आणि रूपाली मान हलवून हलवून सांगत होती, दिसत नाही, दिसत नाही. मग रडायलाच लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेटला दोन बाजू असतात. एक येणं, एक जाणं. सिनेमा बघायला नुसतं येणं लागतं. लोक तेच मोजतात, आम्हीही तेच मोजायचो. पण तुमचा चेहरा, तुमचे हात पलीकडं पोचवायचे तर जाणं लागतं. टाकीवरच्या टॉवरचा आवाज मोठा, तो कसाही घरापर्यंत येतो. घरावरच्या छोट्या डिशचा आवाज बारीक, अडथळा आला की आधी तो मरतो. मी जाण्याचा स्पीड बघितला. शून्य पॉइंट दोन! ऐकू येणाऱ्या माणसाला आम्ही सांगतो, व्हिडिओ बंद करा आणि नुसतं बोला, तेवढ्यात भागतं. या बाईंना काय सांगणार होतो?

शिडी लावून गच्चीवर गेलो आणि टाकीकडं बघितलं. टाकी नव्हतीच. समोर ऊस. दोन पुरुष उंच, काळाभोर, पावसानं ओला, वाऱ्यावर सळसळणारा. माझी डिश त्याच्यात तोंड खुपसून बसली होती. जिथं मी चैत्रात "झालं की" म्हणालो होतो, तिथंच उभा राहिलो आणि स्वतःलाच म्हणालो, गाढवा, ऊस वाढतो हे शेंबड्या पोराला पण माहीत असतंय!

खाली आलो. अक्कांचे मालक, अण्णा, रानातनं आले होते. कमी बोलणारा माणूस, टोपी सरळ. मी त्यांना सांगितलं, चूक माझी आहे, डिश अजून पंधरा-वीस फूट वर न्यावी लागेल. मोठा पोल कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये आहे, उद्या आणतो.

"उद्या?" अण्णा म्हणाले. "पोरगी आज निघालीया न्हवं?" मग त्यांनी उसाकडं बोट केलं. "वाट पाडू काय उसातनं? तोडतो की."

उभा ऊस, अजून कारखाने सुरू व्हायचेत, आणि हा माणूस सहज तोडतो म्हणत होता. मी म्हणालो, अण्णा, टाकीपर्यंत सगळा तोडावा लागेल, उपयोग नाही, उंचीच पाहिजे. मग ते म्हणाले, "हिरीवरल्या मोटरीची जुनी पाइप पडलीया. इस फुटी. चालंल?"

चालेल म्हणजे काय, धावेल. पण वीस फुटी लोखंडी पाइप, वर डिश बांधलेली, ती गच्चीवर उभी करायची कशी? आमच्याकडं त्याला चार माणसं आणि सामान लागतं. अण्णांनी मारुतीला हाक मारली. मारुती त्यांच्याच गल्लीतला, काळा, रुंद, मिशीवाला. दरवर्षी जोतिबाच्या यात्रेत गावाची सासनकाठी नाचवणारा. सासनकाठी म्हणजे तीस-तीस फुटांची काठी, माणसांच्या गर्दीतनं उभीच्या उभी नाचवत न्यायची, चहूबाजूंनी दोर धरून. त्यानं पाइपकडं बघितलं आणि म्हणाला, "हे? ह्येला काय हुतंय! चार दोऱ्या आणा."

आणि साहेब, मी तीस वर्षं पोल उभे केले, पण असं उभं केलेलं बघितलं नाही. चार कोपऱ्यांवर चार माणसं दोर धरून, मारुती मधे बुडखा पोटाशी घेऊन. "हं... सोडा... तू वड... तू सोड..." पाइप डुलली, माझा जीव वर आला. मारुतीनं एक हात सोडून मिशी पुसली! "जोतिबाच्या नावानं..." आणि सगळ्यांनी एकदम, "चांगभलं!" पाइप ताठ. बुडाला जुन्या पिलरच्या सळ्यांशी तारेनं आवळली, चार दोर चार बाजूंना बांधून टाकले.

आता डिश टाकीकडं बरोबर वळवायची. पाइप फिरवत राहायची आणि खाली कुणीतरी मोबाइलवर आकडा बघून सांगायचा. आकडा जितका कमी, तितका सिग्नल चांगला. मी मोबाइल अक्कांकडं दिला. अक्का अंगणातनं ओरडायला लागल्या, पण उसात वारं घुसलं होतं, सळसळ अशी की मला "साठ" म्हणतायत का "आठ" ते कळेना. मी वरनं ओरडतोय, त्या खालनं. मारुती हसतोय.

तेवढ्यात सुशीलाबाईंना खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं होतं, प्लास्टरचा पाय स्टुलावर. त्यांनी अक्कांच्या हातातनं मोबाइल काढून घेतला. एकदा आकडा बघितला, एकदा माझ्याकडं. आणि हात वर करून बोटं दाखवली. सात. मग आठ. अठ्ठ्याहत्तर. मी पाइप जरा फिरवली. सात, एक. आणखी जरा. सहा, चार. चुकून पुढं गेलो तर लगेच तळहात आडवा, थांब, मागं ये. किती स्वच्छ! मी इतकी वर्षं गच्चीवरनं गळा फाटेस्तोवर ओरडलो, खालच्यांनी चुकीचं ऐकलं, दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या. त्या दिवशी त्या बाईंनी आणि मी एक शब्द न बोलता दहा मिनिटांत डिश लावली. पाच, आठ. त्यांनी दोन्ही हात वर केले. बास.

जाण्याचा स्पीड बघितला. नऊ. मी तो आकडा दोनदा वाचला.

सुशीलाबाईंना खुर्चीसकट परत घरात पलंगापाशी आणलं, कॉल लावला. सुशीलाबाईंनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि हात हलवले. पलीकडं रूपाली पुढं झुकली. बघतच राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं.

अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हनतीया, हुबी ऱ्हाऊन दाव."

सुशीलाबाईंनी पलंगाचा कठडा धरला आणि उभ्या राहिल्या. प्लास्टरवर टकटक करून दाखवलं. एक पाऊल टाकलं. मग बसल्या आणि त्यांचे हात असे सुटले की बघायला नको. मला ती भाषा येत नाही, पण आई रागवत असली की जगात कुणालाही कळतं. केसांकडं बोट, जेवणाच्या ताटाकडं बोट, बॅगेकडं बोट. रूपाली रडत होती आणि माना डोलवत होती. मग तिनं हात लांब करून मागची बॅग ओढली, तिची चेन उघडली आणि एकेक साडी काढून पलंगावर ठेवायला लागली.

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. माझेही भरले होते, लपवत नाही.

पुढं दिवाळीनंतर रूपालीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. नंतर ऑफिसात मी भांडून पद्धत बदलून घेतली. फोन उचलून कुणी बोललं नाही तर माणूस घरी जायचा. आता तेही संपलं. आता ॲप आहे. तक्रार मोबाइलवर टाकायची, मशीनच उत्तर देतं, डबी बंद करून चालू करा म्हणतं. बऱ्याच वेळा तेवढ्यानं होतंही. वाईट काही नाही. पण कुणाच्या कपाटात रेडिओ आहे आणि कुणाच्या दारात ऊस किती वाढलाय, ते मशीनला कोण सांगणार? मला घरं आठवतात. बूट काढून आत जाणं आठवतं. आणि तिथं मी माणसांशी जे बोलायला पाहिजे होतं आणि बोललो नाही, तेही आठवतं.

त्या दुपारी अक्कांनी मला चहा दिला, वर बशीत चिवडा. मी पलंगासमोर खुर्चीत बसलो होतो. मायलेकींचं बोलणं चालूच होतं, खोलीत आवाज मात्र शून्य. मी अक्कांना विचारलं, "आता काय म्हणतायत?"

"तुमाला वो कशाला? मायलेकीचं हाय ते," अक्का म्हणाल्या. "चिवडा खावा."

बरोबर होतं. मी नुसतं बघत होतो असं मला वाटत होतं, पण त्या घरात बघणं म्हणजेच ऐकणं. मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकत बसलो होतो. मी उठलो, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून चहा प्यायला लागलो. बाहेर ऊस सळसळत होता. आणि मागनं एकाएकी हसणं ऐकू आलं. सुशीलाबाई हसत होत्या. मोठ्यानं, वेडंवाकडं, जसं यायचं तसं, कारण आपलं हसणं कसं ऐकू येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अक्का दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "तीन आठवड्यात पैल्यांदा." मी मागं वळलो नाही. चहा गार होईपर्यंत तसाच भिंतीकडं बघत ऐकत राहिलो.